टाचणीबाईंची सवत

टाचणीबाईंना टाचणीबाई म्हणायचं ते त्यांच्या पाठीमागे. समोर सगळे नुसतं 'बाई' म्हणतात, वयानं लहान असतील ते 'मावशी' म्हणतात, आणि यातच शहाणपण आहे. कारण बाईंच्या ओठांत सदानकदा टाचण्या असतात, आणि त्या काढून ठेवल्यावर जे बाहेर पडतं ते टाचण्यांपेक्षा जास्त टोचतं.

बाईंचं दुकान म्हणजे रस्त्याला लागून असलेली एक खोली. एक शिलाई मशीन, एक उभा आरसा, आरशापुढे गिऱ्हाइकानं उभं राहायचा बुटका लाकडी ठोकळा, आणि मागच्या बाजूला पडदा. पडद्यापलीकडे घर. नवे कपडे बाई शिवत नाहीत. कोरं कापड काय, कापाल तसं कापलं जातं, त्यात कसली आली हुशारी, असं त्यांचं मत. त्यांच्याकडे येतात त्या लांब झालेल्या पँटी, न मिटणाऱ्या चेनी, अस्तर फाटलेले कोट, आणि गेल्या वर्षी अंगात बसत होतं ते यंदा का बसत नाही, हे कोडं घेऊन आलेली माणसं. गिऱ्हाईक ठोकळ्यावर चढतं, बाई गुडघे टेकून खाली बसतात आणि ओठांत टाचण्या धरूनच बोलतात. शब्दांना बाहेर यायला वाट नसते, नुसता सूर निघतो. शेवटाला वर चढणारा 'हंहंऽ?' म्हणजे इतकं आखूड चालेल का? खाली उतरणारा 'हंहं' म्हणजे वळा. आणि लांबलचक, दमदार 'हंऽऽऽ' म्हणजे पोट आत ओढू नका, फसाल ते तुम्हीच. पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकालाही हे सगळं बिनचूक समजतं. कसं समजतं, याचा विचार ना गिऱ्हाइकांनी केला होता, ना बाईंनी.

आता कप्तान. कप्तान म्हणजे बाईंचे यजमान, आणि ते आयुष्यात कधीही कप्तान नव्हते. तरुणपणी मालवाहू बोटीवर, अगदी तळाला, इंजिनाचं तेलपाणी बघायचं काम त्यांच्याकडे होतं. समुद्र बघायचा तर जिने चढून वर यावं लागायचं, असं तेच सांगत. लग्न ठरलं तेव्हा बोट सोडली ती सोडलीच. पुढची सगळी नोकरी त्यांनी पाणीपुरवठ्याच्या पंपांवर काढली, पण गल्लीनं एकदा चिकटवलेलं नाव थोडंच निघतं? माणूस सालस. इतकी वर्षं टाचण्यांच्या शेजारात राहून अंगावर एक ओरखडा नाही. खोड म्हणाल तर एकच. रोज सकाळी दाढी करताना ते एक गाणं म्हणत.

गाणं होतं स्पॅनिश, कुठल्याशा बंदरात उचललेलं. सूर असा की अक्षर न कळणाऱ्यानंही हातातलं काम थांबवावं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी बाईंनी सहज विचारलं होतं, "अहो, अर्थ काय हो याचा?"

"गाण्याला कसला आलाय अर्थ? गाणं आहे," कप्तान म्हणाले, आणि नेमका तेव्हाच वस्तरा हनुवटीला लागला.

रोज दाढी करणाऱ्या माणसाचा हात त्याच प्रश्नाला का सुटावा? बाईंनी रक्ताचा थेंब बघितला आणि जे समजायचं ते समजल्या. पुन्हा कधी विचारलं नाही. त्या दिवसापासून घरात त्या गाण्याचं नाव सवत. "उठली वाटतं सवत," असं म्हणून बाई पडदा ओढायच्या आणि मशीन सुरू करायच्या. मोटरच्या आवाजात सवत बुडून जायची. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, कप्तानांच्या डोक्यावरचे केस गेले, गुडघे गेले. सवत मात्र होती तशीच तरुण.

लोक म्हणतील, लग्नाआधीचं कुणाचं काय असेल नसेल, त्याचं एवढं मनाला लावून घ्यायचं काय? बाईंनाही हे पटत होतं. पण पटतं डोक्याला आणि दुखतं भलतीकडेच, त्याला काय करणार?

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात. कप्तानांचं तर पाऊलही वाजलं नाही. सकाळी खुर्चीत बसून ते काहीतरी मागायला लागले आणि तोंडातून नुसतं 'तेते, तेते' येऊ लागलं. बाईंना आधी वाटलं, थट्टा चालली आहे. मग त्यांचा उजवा हात मांडीवरून खाली घसरला. दवाखाना, तपासण्या, धावाधाव सगळं झालं. जीव वाचला, पायही हळूहळू चालायला लागले, पण बोलणं गेलं. मेंदूत जिथे शब्द जुळतात तिथेच मार बसलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. समोरच्याचं बरंचसं कळेल, स्वतःचं सांगता येणार नाही.

त्यात आणखी एक तऱ्हा. कप्तान प्रत्येक प्रश्नाला होकाराची मान हलवत. पाणी हवं का? हो. नको का? हो. एकदा वैतागून बाईंनी विचारलं, "तुम्ही या गावच्या राणीसाहेब का?" कप्तानांनी गंभीरपणे मान डोलावली. बाई हसल्या, आणि हसता हसता पदराचं टोक डोळ्यांना लावून पडद्याबाहेर गेल्या.

घरी आल्यावर दाढी बाईच करू लागल्या. एका सकाळी गालावर फेस लावून झाला, बाईंनी वस्तरा उघडला, आणि कप्तान गायला लागले. जीभ अडखळली नाही, की शब्द गळला नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत अख्खी सवत त्यांनी म्हणून दाखवली. बाई वस्तरा हातात धरून उभ्या. हा माणूस अगदीच मुका झालेला नाही याचा आनंद होता, आणि त्याच क्षणी तळपायाची आग मस्तकात गेली होती. 'पाणी' म्हणता येईना या माणसाला, बायकोला हाक मारता येईना, आणि ही बया मात्र तोंडपाठ!

वाचा-उपचार करणारी एक तरुण मुलगी आठवड्यातून दोनदा घरी येत असे. बाईंनी तिला हे सांगितलं, सांगितलं कसलं, तक्रारच केली. ती मात्र टाळी वाजवून उठली.

"काकू, हेच तर हवं होतं! बोलणं मेंदूच्या एका बाजूला असतं, गाणं बरंचसं दुसऱ्या. काकांची गाण्याची बाजू शाबूत आहे. आपण त्यांच्या चालीवर आपले शब्द बसवायचे. छोटे छोटे. डाव्या हातानं ठेका धरायचा आणि म्हणायचं. सगळ्यांनाच जमतं असं नाही, पण काकांना जमेल असं मला वाटतं."

"दुसरी चाल घेऊ," बाई म्हणाल्या. "चालींना काय तोटा आहे?"

घेतल्या. लेकीला लहानपणी झोपवताना म्हणायची ती अंगाई घेतली, शाळेची प्रार्थना घेतली, साबणाची जाहिरातसुद्धा घेतली. कप्तान आज्ञाधारकपणे सुरुवात करत आणि दोन पावलांवर घसरून थेट सवतीच्या दारात जाऊन उभे राहत. मुलगी म्हणाली, "काकू, त्यांची वाट तीच आहे. आणि हे पहिले काही महिने फार महत्त्वाचे असतात. आता जेवढं परत येईल तेवढं पुढे येईलच असं नाही."

रोज सकाळी जे गाणं बुडवायला मशीन चालवली, ते आता स्वतःच्या तोंडानं म्हणायचं? आणि नाही म्हणावं तर नवरा जन्मभर 'तेते' करत बसणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ. शेवटी त्या म्हणाल्या, "आधी मला त्याचा अर्थ कळू दे. कुणाला घरात घेतेय ते तरी कळायला नको?"

लेकीनं तिच्या गावाहून फोनवर सांगितलं, "आई, सोपं आहे, फोन बाबांच्या तोंडाशी धर, तोच अर्थ सांगतो." धरला. कप्तान मन लावून गायले. फोननं विचार केला आणि कळवलं की जवळचा पेट्रोलपंप पुढच्या चौकात डाव्या हाताला आहे. फोनची तरी काय चूक? इतक्या वर्षांच्या दाढ्यांमध्ये गाण्याचे कानेकोपरे झिजून गेले होते.

मग बाईंना मॅडमची आठवण झाली. मॅडम परदेशी भाषांच्या क्लासमध्ये स्पॅनिश शिकवायच्या आणि त्यांचे हात आखूड असल्यामुळे प्रत्येक नव्या कोटाच्या बाह्या बाईंकडे यायच्या. त्या कोट घेऊन आल्या तेव्हा बाईंनी टाचण्या ओठांतून काढून उशीत खोचल्या. असं त्या क्वचितच करत, त्यामुळे मॅडम घाबरल्याच. "माझं एक काम कराल?" बाई म्हणाल्या आणि त्यांना पडद्याआड घेऊन गेल्या.

कप्तान खुर्चीत बसून गायले. मॅडमनी डोळे मिटून ऐकलं, पुन्हा म्हणायला लावलं, मध्ये एकदा स्वतःच एक शब्द दुरुस्त करून पुटपुटल्या. मग खालच्या आवाजात सांगू लागल्या.

"माणूस बोटीवर निघालाय. बंदरावर उभा आहे. तो म्हणतो, तू दार लावून घेतलंस, बरंच केलंस, वारा फार होता. मी तुला दोष देत नाही. फक्त एक कर. सकाळी चादर झटकायला खिडकीत येशील ना, तेव्हा जरा सावकाश झटक. लांबून पांढरं काही हललं की मला वाटतं, तू मला परत बोलावते आहेस. आणि मग मला चढवत नाही बोटीवर." मॅडम थांबल्या. "बस. एवढंच आहे. फार जुनं असावं. मी कधी ऐकलं नव्हतं."

"बिचारा," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की तो बिचारा इथे, त्यांच्याच घरात, त्यांनीच विणलेला स्वेटर घालून बसला आहे.

"चादरी खिडकीत कशाला झटकायच्या?" त्या एकदम म्हणाल्या. "धूळ खालच्यांच्या डोक्यावर. रीत आहे का ही?" मॅडम शहाण्या होत्या. कोट ठेवून गुपचूप निघून गेल्या.

त्या दिवशी बाईंनी कप्तानांच्या खुर्चीच्या गादीला नवा अभ्रा घालायला घेतला. हाताला काम हवं होतं. टाचत होत्या, शिवत होत्या आणि मनात दुसरंच चाललं होतं. खोटं गाणं असतं तर बरं झालं असतं. नाच, दारू, ओठ, डोळे असलं काहीतरी असतं तर त्यांनी नाक मुरडलं असतं आणि मोकळ्या झाल्या असत्या. पण हे खरं होतं. असं गाणं माणूस उगाच जन्मभर जपत नाही. राग यायलाही जागा उरली नव्हती, त्यामुळे आणखीच राग येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून कप्तानांनी गोंधळ मांडला. बसायचे, उठू बघायचे, 'तेते, तेते' करायचे. पाणी? हो. पंखा? हो. खिडकी लावू? हो. उघडू? हो. बाईंनी सगळं केलं. दुपारपर्यंत कप्तान रडकुंडीला आले, डाव्या हातानं खुर्चीवर आपटू लागले. बाईंनी दरडावलं, "पुरे झालं आता! लहान का आहात?" ते गप्प झाले. मान खाली घालून एका कुशीवर कलून बसून राहिले.

संध्याकाळी कपडे बदलताना बाईंना त्यांच्या पायजम्यावर रक्ताचे ठिपके दिसले. त्यांनी गादीवरून हात फिरवला. नव्या अभ्र्याच्या शिवणीत एक टाचणी उभी राहून गेली होती.

गल्लीतल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारा, बाईंनी परत दिलेल्या कपड्यात टाचणी राहिलीय असं कधी घडलं नव्हतं. घडलं ते घरच्याच माणसाच्या बाबतीत, आणि तो दिवसभर टोचून घेत बसला, कारण त्याला एक शब्द सांगता आला नाही, आणि जो उपाय होता तो बायकोनं मानापमानापायी अडवून ठेवला होता. बाईंनी टाचणी काढली. जखमेला औषध लावलं. मग जमिनीवर, त्यांच्या पायांशी बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "चुकलं हो माझं." कप्तानांनी मान डोलावली. त्यांची मान काय, राणीसाहेब म्हटलं तरी डोलायची, पण बाईंना त्या दिवशी ती खरी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उपचारवाली मुलगी यायची वाटही न बघता, बाई समोर स्टूल घेऊन बसल्या. शब्द कोणता घ्यायचा हे ठरलेलंच होतं. त्यांनी कप्तानांचा डावा हात धरून खुर्चीवर ठेका दिला आणि सवतीची पहिली ओळ घेऊन तिच्यावर म्हटलं, "टो-च-तंय."

चाल त्यांना अशी पाठ होती की त्यांनाच लाज वाटली. मशीनच्या आवाजातही ऐकू येतच होती तर!

पहिले काही दिवस कप्तानांच्या तोंडून नुसती चाल आली. बाई हार खाणाऱ्यातल्या नव्हत्या. शब्द बाजूला ठेवून त्या आधी ओठ मिटूनच 'हं-हं-हंऽ' म्हणत, दुकानात म्हणतात तसं, आणि कप्तान 'हं-हं-हंऽ' म्हणून उत्तर देत. मग त्या हळूच ओठ उघडत. मुलीनं हे पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "काकू, हे बरोब्बर असंच करायचं असतं. मी सांगणारच होते." बाई म्हणाल्या, "अगं, माझा धंदाच तो आहे," आणि हे त्यांनाही तेव्हाच कळलं.

आणि एका सकाळी आलं. "टो-च-तंय." थोडं बोबडं, पण आलं. बाईंनी दुकानात येऊन समोर असेल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं. ठोकळ्यावर उभा असलेला तो गृहस्थ अर्ध्या टाचलेल्या पँटीत टाळ्या वाजवू लागला.

पुढे आठवडाभर कप्तानांना सगळंच टोचत होतं. चहा गार असला की टोचतंय. चष्मा सापडला नाही की टोचतंय. बातम्या लागल्या की टोचतंय, आणि तिथे कुणी त्यांना चूक म्हणू शकलं नाही. मग पाणी आलं, चष्मा आला, बस आलं, झोप आली. आणि शेवटी 'नको' आलं. 'नको' आलं तेव्हा उपचारवाली मुलगी फार खूश झाली. आता त्यांच्या 'हो'लाही किंमत आली, असं ती म्हणाली. बाईंच्या मनात दुसरा हिशेब सुरू झाला होता. आता या माणसाला विचारलं तर उत्तर मिळू शकत होतं.

काही दिवस त्यांनी स्वतःला आवरलं. भाजी चिरताना जीभ चावली, टाचण्या ओठांत धरून ठेवल्या. मग एका दुपारी, दुकानात कुणी नसताना, त्या आत गेल्या आणि स्टूल ओढून बसल्या. चाल घेतली नाही. साध्या आवाजात विचारलं, "ती गाण्यातली बाई. तुमची अशी कुणी खरंच होती का?"

कप्तान त्यांच्याकडे बघत राहिले. मान हलवली नाही. डावा हात खुर्चीवर ठेका धरू लागला, थांबला, पुन्हा धरू लागला. शब्द कुठून तरी खोलातून ओढून आणत होते. कपाळावर घाम आला. बाईंना वाटलं म्हणावं, राहू द्या, नका सांगू. पण त्या म्हणाल्या नाहीत.

"हो-ती," कप्तान म्हणाले.

"बरं," बाई म्हणाल्या. उठल्या, त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला, आणि दुकानात येऊन मशीनवर बसल्या.

एका जाकिटाला चेन लावायची होती. त्यांनी ती उलटी लावली. उसवली आणि पुन्हा उलटीच लावली. दुखत होतं. सगळं माहीत असून दुखत होतं. त्यांना 'नाही' ऐकायचं होतं, हे त्यांना 'होती' ऐकल्यावर कळलं. खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं? पण ज्याला एकेका शब्दासाठी घाम गाळावा लागतो, तो खोट्यावर कशाला खर्च करेल? त्या विचारानं तर त्यांना जास्तच भरून आलं. चेन समोर धरून त्या नुसत्या बसून राहिल्या.

आतून चाल ऐकू आली. मधली ओळ, जिथे गाणं वर चढतं ती. बाईंना वाटलं, आठवण काढली आणि आली लगेच. त्यांनी मशीनकडे हात नेला.

"अ-गंऽ."

हात तिथेच राहिला. हा शब्द त्यांनी शिकवला नव्हता. पाणी शिकवलं होतं, चष्मा शिकवला होता, पण स्वतःला हाक मारायला कुणी शिकवतं का? हे दुखणं आल्यापासून त्यांना सगळं जग बाई म्हणत होतं, मावशी, काकू, आई म्हणत होतं. 'अगं' म्हणणारं या जगात एकच माणूस होतं आणि त्या माणसाची वाचा गेली होती. इतके दिवस आपल्याला कुणी अगं म्हटलेलं नाही, हे त्यांना या घडीला कळलं.

"अ-गंऽऽ!" पुन्हा हाक आली. आवाज वरच्या सुरात चिरकला.

"आले, आले! ओरडायला काय झालं?" बाई पडदा सारून आत गेल्या. "काय हवंय? पाणी?"

"न-को."

"चष्मा?"

"न-को."

"टोचतंय का कुठे?"

कप्तानांनी डावा हात उचलून समोरच्या स्टुलावर ठेवला. ठेका धरायचं विसरले. चालही विसरले.

"बस," ते म्हणाले.

बाई बसल्या. स्टुलावरचा कप्तानांचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला आणि सोडला नाही. थोड्या वेळानं बाहेर दुकानात पावलं वाजली. कुणीतरी ठोकळ्यावर चढून उभं राहिलं असावं.

"बाई? आहात का बाई?"

बाईंनी पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"बाई नाहीत," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. "उद्या या."